दोनशे तीनची मागची खोली

१

खामगावात नांदुरा रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये घराचं भाडं मी ठरवते. मालक ठरवत नाही आणि भाडेकरूही नाही. मी आकडा सांगते आणि दोघंही मान डोलावतात. तेरा वर्षं झाली. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

माझं नाव छाया पुंडकर. मिस्टर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. मी धंदा सुरू केला तो एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून. तेव्हा लोक हसायचे. बाईमाणसानं दलाली करायची म्हणजे काय! आता या भागात नवीन बिल्डिंग उभी राहिली की स्लॅबखालचं सेंट्रिंग निघायच्या आधीच मालकाचा फोन येतो, "ताई, एकदा पाहून जा."

कोणत्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो, कोणत्या गच्चीखालची खोली मे महिन्यात भट्टी होते, कुठं जिनिंगचा कापूस उडून खिडकीच्या जाळीत बसतो, हे मला पाठ आहे. पण पाठांतर कोणीही करील. माझी पद्धत वेगळी आहे. मी रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहते आणि एकदा टाळी वाजवते.

रिकामी खोली टाळीला उत्तर देते. नवीन प्लॅस्टर, टाइल्स, उघड्या भिंती. आवाज चार ठिकाणी आपटून परत येतो. भिंतीत ओल असली की तो थोडा दबतो. पार्टिशन पातळ असलं तर डब्यासारखा वाजतो. एकदा एका मालकाला मी नुसत्या टाळीवरून सांगितलं होतं की बाथरूमच्या मागची भिंत आतून भिजते आहे. त्यानं मला वेड्यात काढलं. पुढच्या महिन्यात तिथली टाइल सुटून खाली आली. तेव्हापासून तो माझ्या आकड्यावर एक शब्द बोलत नाही.

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की पुढचं ऐकताना कोणी असं म्हणू नये की बाईला रिकाम्या घरांची सवय नव्हती. मी हजारावर रिकामी घरं पाहिली आहेत. एकटीनं, भर दुपारी, आणि आनंदानं.

२

अर्जुनराव डोणगावकडचे मोठे शेतकरी. सोयाबीन, हळद, वर दोन ट्रॅक्टर. त्यांनी आईच्या नावानं खामगावात तीन मजली बिल्डिंग बांधली, सुभद्रा रेसिडेन्सी. नऊ फ्लॅट. त्यातले आठ मी लावून दिले, आणि त्या गल्लीत तोवर कोणी दिलं नव्हतं एवढ्या भाड्यानं. दोनशे तीन नंबरचा त्यांनी मुलासाठी, प्रज्वलसाठी, ठेवला होता. प्रज्वल पुण्याला गेला तो तिकडेच रमला. दोन वर्षं फ्लॅट कुलूपबंद राहिला. मग मार्च महिन्यात अर्जुनरावांनी किल्ली पाठवली.

सकाळचे अकरा वाजले होते. कुलूप जरा जड गेलं, एवढंच. आत कोरी जागा. खिडक्यांच्या काचांवर कंपनीचे स्टिकर तसेच. हॉलमध्ये टाळी वाजवली, खणखणीत. स्वयंपाकघरात वाजवली, तीही खणखणीत. पुढच्या बेडरूमला बाल्कनी होती, तिथला आवाज थोडा पसरला, तसा तो पसरतोच. मनात मी आठ हजार पक्के केले.

मागच्या बेडरूममध्ये गेले. दहा बाय बारा. पांढऱ्या भिंती, खाली क्रीम रंगाची टाइल, एक खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या प्लॉटमधला कडुलिंब. एक खिळासुद्धा भिंतीत नव्हता. मी मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली.

काहीच परत आलं नाही.

टाळी वाजली, पण माझ्या हातातच राहिली. गादीवर थाप मारावी तशी. मी पुन्हा वाजवली, जोरात. तसंच. "हॅलो" म्हटलं. माझाच आवाज मला जवळून ऐकू आला, आणि पुढं कुठं गेलाच नाही.

रिकाम्या खोलीत असं होत नाही. कपाटं, पलंग, गाद्या, कपडे, असं ठासून भरलेलं सामान असलं तरच असं होतं. मी भिंतीवर बोटानं वाजवून पाहिलं. टणक होती. वर पाहिलं. साधा स्लॅब, पीओपीसुद्धा नाही. खिडकी लावली, उघडली. दार लावायला गेले आणि का कोण जाणे, लावलं नाही.

खाली उतरून मी एकशे तीनच्या बाईंना म्हटलं, जरा मागची खोली पाहू द्या. तिथं त्यांचा डबल बेड, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, कपड्यांचा ढीग. टाळी वाजवली. हुबेहूब तोच आवाज आला, वरच्या खोलीतला.

म्हणजे त्या खोलीत काहीच नव्हतं, आणि आवाज मात्र भरलेल्या खोलीचा होता.

३

मी अशा गोष्टींना लगेच नाव देणारी बाई नाही. घरी येऊन आधी स्वतःचे कान तपासले. प्रत्येक खोलीत टाळी वाजवली. मिस्टर जेवता जेवता म्हणाले, "काय लावलं हे?" कान ठीक होते.

लोक नंतर विचारतात, त्या जागेवर आधी काय होतं? काही नव्हतं. कापसाची पऱ्हाटी होती. मी स्वतः पाहिली आहे. बिल्डिंग बांधताना कोणी पडलं नाही, मेलं नाही. फ्लॅटमध्ये एक दिवससुद्धा कोणी राहिलं नव्हतं. सांगण्यासारखी गोष्टच नाही त्या जागेला.

आवाजाचा विषय म्हणून मला धम्मरत्न आठवला. त्याचा साउंड सर्व्हिसचा धंदा आहे. लग्न, सभा, जयंती, कुठलाही हॉल असो, कर्णे कुठं लावायचे ते तोच ठरवतो. जमिनीवर पाय असलेला माणूस. मी त्याला कारण सांगितलं नाही. म्हटलं, "एक खोली पाहून दे, आवाज कसा वाटते ते सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी हॉलमध्येच थांबले. तो आत गेला, तोंडानं "चेक, चेक" म्हणाला, दोनदा चुटकी वाजवली. मग बराच वेळ काही नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं दाराबाहेर काढलेल्या चपला आधी पायात घातल्या आणि मग बोलला.

"ताई, कोणाचा प्रोग्राम हाये इथं?"

"कोणाचाच नाही. काऊन?"

"मी सकाळी खाली हॉलमध्ये साउंड चेक करतो ना, तवा आवाज लय घुमते. मंग संध्याकाळी लोकं येऊन बसले की तोच आवाज खाली बसते. मानसाचं अंग आवाज पिते, ताई. कपाटाचा आवाज येगळा, गादीचा येगळा, अन् मानसाचा येगळा. मले समजते."

"मंग हा कशाचा हाये?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं नाही.

"मानसं बसून हायेत," तो म्हणाला. "दाटीनं बसून."

मी त्याला पेट्रोलचे पैसे देऊ लागले तर त्यानं घेतले नाहीत. जिना उतरताना त्यानं कठडा धरला होता. तो पस्तिशीचा दणकट माणूस आहे.

४

तिसऱ्या दिवशी मी एकटी गेले. बारा वाजता, लख्ख उन्हात. धम्मरत्नसारखा माणूस घाबरला म्हणून मी घाबरायचं, हे मला पटत नव्हतं. माझ्या अकरा वर्षांत एकही घर मी "समजत नाही" म्हणून सोडलेलं नव्हतं. मी ठरवलं होतं, त्या खोलीत अर्धा तास बसायचं. पंखा नाही, कूलर नाही, घाम येईल, पण बसायचं.

खोली तशीच होती. खिडकीतून लिंबाची सावली टाइलवर हलत होती. सावलीच्या मध्ये कुठं काही आडवं येत नव्हतं, हे मी नीट पाहिलं.

आत मात्र उकडत होतं, हॉलपेक्षा जास्त. उन्हाची धग नव्हती ती. पंगतीच्या खोलीत, सगळी मंडळी बराच वेळ बसलेली असली की जशी ऊब साचते, तशी. मी स्वतःला समजावलं, पश्चिमेची भिंत आहे. मग आठवलं, पश्चिमेची नाही, उत्तरेची आहे.

मी भिंतीला टेकून बसायला गेले. गुडघे दुखतात माझे, भुईवर बसताना एक हात टेकावा लागतो. आणि आयुष्यभराची सवय, लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला, कुठंही बसायला गेलं की तोंडातून जे निघतं, ते निघून गेलं.

"सरका जरा," मी म्हटलं.

आणि खोली सरकली.

भिंती नाही सरकल्या, सावलीही नाही. आवाज आला. खूप सारे कपडे एकदम हलल्याचा. लुगडी, धोतरं, मांडीखालून ओढून घेतलेले पदर, बांगड्यांचा एक बारीक किणकिणाट, कोणाचा तरी घसा साफ केल्याचा. माझ्या डावीकडून सुरू झाला आणि भिंतीभिंतीनं पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेला, जसं एकानं सरकलं की पुढच्याला सरकावं लागतं. मग शांत झालं.

त्यांनी मला जागा करून दिली होती.

मी बसले नाही. अर्धवट वाकलेली होते तशीच सरळ झाले. पळाले नाही, हेही सांगते. पदर सावरला, पर्स उचलली, बाहेर आले, दोनशे तीनला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. जिन्यात पोचल्यावर मात्र पायरीवर बसले. तिथं बसताना मी तोंडातून शब्द काढला नाही.

५

अर्जुनराव त्याच आठवड्यात बाजाराला आले. माझ्या ऑफिसात बसले, पाणी प्यायले.

"मंग, छायाबाई? दोनशे तीनचे कितीक सांगता?"

"दोनशे तीनचं भाडं मी सांगत नाही, अर्जुनराव."

"काऊन?"

"मागची खोली रिकामी नाही."

ते हसले. "कोनी कुलूप तोडून घुसलं काय?"

"कुलूप शाबूत हाये. मी आत जाऊन आली. दिसत नाही कोणी. पण ते खोली रिकामी नाही. तिथं मी कोणाचं लेकरू झोपवणार नाही."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "छायाबाई, ते बिल्डिंग म्या माह्या मायच्या नावानं बांधली. तिले बट्टा लावून राह्यल्या तुमी."

"बट्टा लावायचा असता तर गावात बोलली असती. तुमच्यापाशीच बोलून राह्यली."

"साफ सांगा ना, गिऱ्हाईक नाही तुमच्याजवळ."

हे मला लागलं. गिऱ्हाईक माझ्याजवळ सात होते. त्यातलं एक तर त्याच सकाळी येऊन गेलं होतं. एका दवाखान्यात नर्स असलेली पूनम, तिचा नवरा ज्ञानेश्वर आणि सहा वर्षांची मुलगी काजल. मेहकरकडून नुकतेच आलेले, शेगावच्या एका लॉजवर सामानासकट थांबलेले. पूनम म्हणाली होती, "ताई, कुठंबी द्या, पण लवकर द्या." मी आकडा बोलले असते तर संध्याकाळी किल्ली त्यांच्या हातात असती.

मी ड्रॉवर उघडला आणि सुभद्रा रेसिडेन्सीच्या सगळ्या जादा किल्ल्या टेबलावर ठेवल्या. नऊच्या नऊ.

"दुसरा एजंट पाहा," मी म्हटलं.

ते किल्ल्या घेऊन गेले. त्यांच्यामागोमाग त्यांचे दोन पाहुणेही गेले, ज्यांची घरं माझ्याकडे होती. मिस्टर म्हणाले, एवढं ताठ राहून काय मिळालं? मी म्हटलं, झोप मिळते. आणि खरंच, त्या दिवशी माझी मान जरा जास्तच ताठ होती. पुढं जे चुकलं ते त्या ताठ मानेमुळेच चुकलं.

६

आठ दिवसांनी पूनमचा फोन आला.

"ताई, राग नका मानू. तुम्ही मंग दाखवलेलं दुसरं घर सात हजाराचं होतं ना, आमाले एक साडेसहात भेटलं. सागरभाऊनं दाखवलं."

सागर हा नवीन एजंट, मोबाईलवर फोटो टाकून घरं लावणारा.

"कोणतं घर?"

"सुभद्रा रेसिडेन्सी. दोनशे तीन. लय हवेशीर हाये."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती. पण मनात आलं, हिला वाटेल गिऱ्हाईक गेलं म्हणून बाई जळते आहे. अर्जुनरावांचं ते वाक्य अजून कानात होतं. मी म्हटलं, "छान झालं," आणि फोन ठेवला. माझ्या धंद्यात मी केलेली ही एकच लाज वाटण्यासारखी गोष्ट.

तीन आठवडे मी दुसऱ्या गल्लीतून जात होते. मग एके दिवशी पिशवीभर कैऱ्या घेतल्या आणि सरळ वर गेले.

पूनमनं आनंदानं दार उघडलं. रात्रपाळी करून आली होती, केस ओले होते. घर तिनं नीट लावलं होतं. मागची खोली काजलची. तिथं एक लहान पलंग, भिंतीवर पानाफुलांचा वॉलपेपर, खिडकीत पाण्याची बाटली. आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होतो, तिथून खोलीचं दार समोरच दिसत होतं. शाळेतून आलेली काजल डुलक्या घेत तिच्या खोलीत गेली. पलंगाच्या काठावर एक गुडघा टेकवला आणि कंटाळलेल्या आवाजात काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. पण ओठ दिसले.

"सरका ना."

मग थोडं थांबून ती आडवी झाली. भिंतीकडे भरपूर जागा असताना अगदी काठावर.

"असं रोज म्हणते ते," पूनम म्हणाली. "मले म्हणते. मी बाजूले झोपते ना कधीमधी."

"आता तर तू इथं हायेस," मी म्हटलं.

पूनमनं कैरी कापायची थांबवली.

मग विळीकडे बघत म्हणाली, "मागच्या रविवारी तिले ताप होता. मी इथंच उभी होती, भाजी करून राह्यली होती. दार उघडं होतं. सहज म्हणून पाहाले गेली तर पोरगी ओकारी करून पडून होती. म्हणे, मम्मी, मी तुले कितीदा आवाज देल्ला. रडून रडून गळा बसला होता तिचा. मी सहा पावलावर होती, ताई. मले एक शब्द ऐकू आला नाही." तिनं डोळे पुसले. "मले वाटलं माह्या कानात दोष आला. दवाखान्यात कान तपासून घेतले म्या."

"दोष नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता."

मग मी तिला सगळं सांगितलं. टाळी, धम्मरत्न, माझं ते बसायला जाणं. आणि हेही सांगितलं की तिच्या फोनच्या दिवशी मी गप्प बसले आणि का बसले. ती नर्स आहे. तिनं "खरं काय?" असं एकदाही विचारलं नाही. फक्त कैरीच्या फोडी झाकून ठेवल्या.

"घर पाहून द्या, ताई."

"उद्या बारा वाजेपर्यंत," मी म्हटलं. आणि मी जे सांगते ते होतं.

७

घाटपुरीकडे तुळशीराम गुरुजींचा वरचा मजला रिकामा होता. गुरुजी कोणालाच देत नव्हते. माझ्या शब्दावर त्यांनी अर्ध्या तासात दिला. मी रात्र पडायच्या आत तिन्ही खोल्या झाडून घेतल्या. दलाली घेण्याचा प्रश्नच नव्हता.

सकाळी दहाला टेम्पो लागला. ज्ञानेश्वर आणि दोन हमाल सामान उतरवत होते. ज्ञानेश्वर थोडा कुरकुरत होता, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून काम करत होता. मागची खोली आम्ही सगळ्यात आधी मोकळी केली. पलंग, गादी, बाटली. काजलला खाली टेम्पोच्या केबिनमध्ये बसवलं होतं. साडेअकराला शेवटची बादली निघाली. पूनमनं विचारलं, "काजल कुठं हाये?"

केबिनमध्ये नव्हती.

मी आणि पूनम एकाच वेळी मागच्या खोलीच्या दाराशी पोचलो.

काजल खोलीच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीजवळ होती. खोलीत उन्हाशिवाय काही नव्हतं. आणि ती चालत होती. पंगत बसलेली असताना लहान मूल मधून जातं तशी. पाय उंच उचलायची, कुठं ठेवावा ते बघायची, मग रिकाम्या टाइलवर अलगद टेकवायची. एकदा अंग चोरून तिरकी झाली. एकदा कोणाच्या तरी मांडीवरून पाय टाकला. मग तोल सावरायला तिनं उजवा हात बाजूला टेकवला, हवेत, बसलेल्या माणसाचा खांदा असतो त्या उंचीवर.

तो हात तिथं राहिला. तिनं सगळं अंग त्यावर टाकलं, एक पाय वर उचलला, सँडलचा पट्टा नीट केला आणि पाय खाली ठेवला. ती पडली नाही.

"काजल!" पूनम किंचाळली. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, तरी तो आवाज उंबऱ्याशी खाली पडल्यासारखा झाला. काजलनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पूनम आत धावायला निघाली. मी तिचा दंड धरला. का धरला ते मला आजही नीट सांगता येत नाही. वाटलं, धावत गेली तर ती कोणाला तरी तुडवील.

"मी आणते," मी म्हटलं.

आत पाय टाकला. तीच ऊब. दुसऱ्या पावलाला माझे पाय आपोआप जागा शोधायला लागले. डोळ्यांना मोकळी टाइल दिसत होती आणि पाय ती मानायला तयार नव्हते. चौथ्या पावलाला अंगठ्याला कापड लागलं. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड. ते हळूच मागं ओढलं गेलं, जसं कोणी पाय आवरून घेतं.

मी थांबले. मी पदर कमरेला खोचला आणि ज्या आवाजात मी बिल्डरांशी बोलते त्या आवाजात बोलले.

"मी छाया पुंडकर. ही पोरगी माझी जबाबदारी हाये. तिले न्यायले आली. वाट द्या."

आवाज पुढं गेला नाही, पण पोचला. तीच सळसळ झाली, या वेळी दोन्ही बाजूंना. मी सरळ चालत गेले. कशालाही पाय लागला नाही. काजलला उचलून कडेवर घेतलं. तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि लग्नघरातून निघताना मुलं करतात तसा हात हलवला.

दारापर्यंत दहा फूट असतील. मी पावलं मोजली. एकोणीस झाली. पण त्यांनी वाट दिली, आणि मी त्या वाटेनं चालत आले, धावत नाही.

८

याला आता दोन वर्षं झाली. पूनम आणि ज्ञानेश्वर गुरुजींच्या वरच्या मजल्यावर सुखात आहेत. सागरनं दोनशे तीनमध्ये आणखी दोन कुटुंबं आणली. पहिलं पंधरा दिवसांत गेलं, दुसरं सामान न उतरवताच. मागच्या दिवाळीत अर्जुनराव स्वतः माझ्या ऑफिसात आले. टेबलावर किल्ल्या ठेवल्या. मी मोजल्या, आठ होत्या.

"तुमचा शब्द हलका घेतला म्या," एवढंच म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसानं एवढं म्हणणं खूप झालं. नवव्या किल्लीचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी चहा मागवला.

गावात लोक म्हणतात, छायाताईनं दोनशे तीनमधून लेकरू काढून आणलं. मी नाही म्हणत नाही. काढून आणलं, खरंच.

एक गोष्ट मात्र मी पूनमलासुद्धा सांगितलेली नाही. त्याच दुपारची आहे. टेम्पो रिकामा झाला होता, पूनम वर गॅसची नळी लावत होती, आणि मी गुरुजींच्या जिन्यात काजलला बिस्कीट चारत होते. पोरगी मजेत होती. मी तिला विचारलं नव्हतं. तीच बोलली.

"मावशी, त्यायनं तुमचं इचारलं होतं."

"कोणी?"

"तिथल्या मानसायनं. इचारलं, कैऱ्या घेऊन आली होती ते बाई कोन हाये? मी सांगितलं, ते छायामावशी हाये. ते लोकायले घरं देते."

मी बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. "मंग?"

"मंग ते म्हने, मावशीले सांगजो, आमाले आता मोठं पाह्यजे. अजून लोकं येऊन राह्यले, इथं पुरत नाही."

जिन्यात ऊन होतं. खाली गुरुजी झाडांना पाणी घालत होते, पाइपचा आवाज येत होता. मी काहीच बोलणार नव्हते. पण अकरा वर्षांचा धंदा होता. कोणीही गिऱ्हाईक जागा मागायला आलं की सगळ्यात आधी मी जे विचारते, ते तोंडातून निघून गेलं.

"कितीक जण हायेत?"

काजलनं डाव्या हाताची बोटं मोजली, मग उजव्या हाताची. संपली. ती पायरीवर नीट बसली, दोन्ही सँडल काढले आणि ओठ हलवत पायाची बोटं मोजायला लागली. तीही संपली, तेव्हा तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि माझ्या अंगठ्यापासून पुढं मोजू लागली.